चार हात पुढची वाट

बीड जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ, ऊसतोड आणि स्थलांतर हे तीन शब्द पाठोपाठ येतात. परळीचे वैद्यनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या दोन तीर्थांपलीकडे या जिल्ह्यात फिरण्याजोगे काही असेल, असे बाहेरच्या माणसाला सहसा वाटत नाही. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे किराणा, कापड आणि आडतीचा व्यापार करीत आली. परंतु त्यांचेही जाणे-येणे दुकान, मोंढा आणि महामार्ग एवढ्यापुरतेच राहिले आहे. मीही त्याला अपवाद नव्हतो. गेल्या मार्गशीर्षात मात्र आम्ही चौघांनी सायकलवरून बालाघाटाच्या डोंगरातून चार दिवसांची फेरी केली. बीडहून कपिलधार, नायगावचे अभयारण्य, पाटोदा, सौताडा, जामखेड, खर्डा आणि शेवटी सिद्धक्षेत्र कुंथलगिरी असा तो मार्ग होता. त्याची हकिकत वाचकांसमोर ठेवावी असे वाटले, त्याला एक कारणही आहे. ते ओघात येईलच.

प्रथम सायकलीविषयी दोन शब्द. हल्ली तरुणांमध्ये ‘ग्रॅव्हल बाईक’ नावाच्या सायकलीची आवड वाढते आहे. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर मात्र अंगठ्याहून रुंद आणि नक्षीदार. चढासाठी अगदी हलके गिअर. डांबरी रस्ता सोडून खडीच्या आणि मातीच्या वाटेवर दिवसभर चालवता यावी, हा तिचा हेतू. अमेरिकेतील कॅन्सास राज्यात एम्पोरिया या गावाहून २००६ पासून अशा कच्च्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते आणि तेथून हा प्रकार जगभर पसरला. आपल्याकडे अशा वाटांना शोधावे लागत नाही. शीवरस्ता, पाणंद, गाडीवाट, कालव्याकडेचा रस्ता ही सारी नावे आपल्या सातबाऱ्याच्या आणि गावनकाशाच्या जगातलीच आहेत. माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी अशी सायकल घेतली आणि त्याच्या आग्रहामुळे बासष्टाव्या वर्षी मीही घेतली.

पहिल्याच पावसाळ्यात एक गोष्ट घडली. भाद्रपदात आम्ही पाच-सहा जण पहाटे कपिलधारच्या धबधब्याकडे निघालो. रात्री पाऊस होऊन गेला होता. डोंगर हिरवेगार, ढग खाली उतरलेले, प्रत्येक ओहोळ वाहता. उतारावर सायकल आपोआप धावत होती आणि मी लहान मुलासारखा आनंदलो होतो. घरी येऊन सायकल धुवायला घेतली, तेव्हा टायरच्या नक्षीत चिखलाबरोबर गोगलगायींची शकले, गांडुळांचे तुकडे आणि वाणी किड्यांच्या चकत्या अडकलेल्या दिसल्या. मी पाण्याचा पाइप बंद केला आणि काही वेळ तसाच उभा राहिलो.

त्या वर्षी आमच्या स्थानकात साध्वीजींचा चातुर्मास होता. दोन दिवसांनी दर्शनाला गेलो असता बोलण्याच्या ओघात फेरीची गोष्ट निघाली. महासतीजींनी विचारले, “श्रावकजी, वाटेत काय काय दिसले?” मी धबधब्याचे आणि ढगांचे वर्णन केले. त्यांनी शांतपणे पुढचा प्रश्न केला, “आणि चाकाखाली?” मला उत्तर देता आले नाही. त्या रागावल्या नाहीत. ईर्यासमितीचा अर्थ मात्र त्यांनी पुन्हा एकदा समजावून सांगितला. पुढची जमीन नीट न्याहाळत, जीव वाचवत, आवश्यक तेवढेच चालणे. श्वेतांबर परंपरेत साडेतीन हात, दिगंबर परंपरेत चार हात पुढे पाहावे असे प्रमाण सांगतात. पावसाळ्याचे चार महिने साधू-साध्वी एका जागी का थांबतात, हे लहानपणापासून पाठ होते. त्याचा अर्थ मला टायरच्या नक्षीत दिसला. त्या दिवसापासून आषाढ ते कार्तिक कच्च्या वाटेवर सायकल न्यायची नाही, असे मी ठरवले.

म्हणून आम्ही मार्गशीर्षात निघालो. दिगंबर परंपरेत वर्षायोगाचे निष्ठापन दिवाळीच्या सुमारास होते, श्वेतांबर परंपरेत कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो. त्यानंतर विहार सुरू होतात. सायकलस्वारालाही हाच काळ योग्य आहे, हे या भागाची जमीन पाहिली की कळते. बालाघाट म्हणजे लाव्हारसापासून बनलेला काळा पाषाण. तो झिजून उतारावर तांबूस मुरूम तयार होतो आणि खोलगट भागात काळी चिकण जमीन साठते. मुरमातून पाणी लगेच निचरून जाते, चाक सुखाने फिरते. काळ्या जमिनीवर मात्र एक सर पडली तरी चिखल चाकाला आणि फ्रेमला असा चिकटतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. कार्तिकानंतर दोन्ही जमिनी कोरड्या होतात, वाटेवरचे जीवजंतूही कमी होतात. उरतात ते बाभळीचे काटे आणि सराटे. त्यासाठी टायरमध्ये ट्यूबऐवजी भोक पडताच भरून काढणारे द्रव्य घालावे. आमच्या चौघांत मिळून चार दिवसांत एकच पंक्चर झाले.

पहाटे बीडमधून निघालो. शहराच्या दक्षिणेस सोलापूर रस्त्यावर सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली खजाना विहीर आहे. भुयारी मार्गाने तिचे पाणी शेतीपर्यंत खेळवलेले आहे. पुढे पालीजवळ बिंदुसरेचा तलाव. महामार्ग तेथून घाट चढून मांजरसुंब्याला जातो. आम्ही जेथे जमेल तेथे तो सोडून शेताकडेच्या मुरमाच्या वाटा धरल्या. डाव्या-उजव्या बाजूस सीताफळाची झुडपे, पळस, हिवर आणि धावडा. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याचे मूळ वैभव या मुरमाड डोंगरउतारावरचे. घाटात चढ लागला की सगळे बोलणे थांबते. माझ्या वयाला साजेसा उपाय म्हणजे सर्वांत हलका गिअर आणि सबुरी. दोन ठिकाणी मी सरळ उतरून सायकल ढकलली. त्यात कमीपणा मानू नये.

कपिलधार हे वीरशैव संत मन्मथस्वामींचे समाधिस्थान. कार्तिकी पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते आणि दूरदूरहून दिंड्या पायी येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा यात्रा सरून काही दिवस झाले होते. दरीत गारवा होता, धबधब्याची धार बारीक झाली होती. आपल्या साधू-साध्वींचा विहार ज्या दिवसांत सुरू होतो, त्याच दिवसांत या डोंगरातून त्या दिंड्याही चालतात, हे तेथे बसल्यावर लक्षात आले. वाट कोरडी झाली की माणूस चालू लागतो, एवढा हा साधा हिशेब आहे.

मांजरसुंब्याहून पश्चिमेकडे लिंबागणेशवरून पाटोद्याच्या दिशेने गेले की नायगावचे मयूर अभयारण्य लागते. सुमारे तीस चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९९४ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. हे घनदाट अरण्य नव्हे. काटेरी झुडपे, गवताळ माळ आणि ओढे असे त्याचे रूप आहे आणि मोराला तेच मानवते. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नये. आम्ही आखून दिलेल्या वाटेनेच गेलो, घंटी वाजवली नाही, गाणी लावली नाहीत. सायकलीचा मोठा गुण असा की तिला आवाज नाही. एका वळणावर सात-आठ लांडोरी आणि एक मोर वाट ओलांडत होते. आम्ही थांबलो. मोराची पिसे या दिवसांत झडलेली असतात, त्यामुळे तो काहीसा ओशाळलेला दिसत होता. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि घाई न करता पलीकडे गेले. जीपने आलो असतो तर दिसली असती ती फक्त धूळ.

पाटोद्याच्या अलीकडे एका लहान गावात पाण्यासाठी थांबलो. निम्म्या घरांना कुलपे होती. एका ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ दोन नातवंडांना घेऊन बसले होते. त्यांनी आमच्याकडे निरखून पाहिले.

“कुठलं गाव म्हणायचं पाव्हणं?”

“बीडचेच आहोत, बाबा.”

“एवढ्या वयात सायकल? घरी गाडी न्हाई का?”

“आहे. पण गाडीतून तुमचं गाव दिसत नाही.”

ते हसले, आत जाऊन स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन आले. आम्ही गाळलेले पाणी बरोबर नेले होते, तरी त्यांच्या अंगणात बसलो. मुलगा आणि सून कोयत्यावर गेले आहेत, असे त्यांनी सांगितले. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला येथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यावर जायचे, उन्हाळा तोंडावर आला की परतायचे. तोवर गाव म्हातारे आणि मुले सांभाळतात.

हे गाव मी पूर्वी पाहिलेले होते. बँकेत असताना या भागातील पीककर्जाची खाती काही काळ माझ्याकडे होती. मार्च जवळ आला की आम्ही वसुलीसाठी जीप घेऊन येत असू. जीपची धूळ लांबून दिसली की रस्ते रिकामे होत. मी कागदावर लिहीत असे, “खातेदार गावी आढळला नाही.” वाक्य खरे होते. मात्र खातेदार कोठे आहे, कोणाची उचल फेडतो आहे, त्याच्या घरात मागे कोण उरले आहे, हे त्या वाक्यात कोठेही नव्हते आणि मी ते विचारलेही नव्हते. आज त्याच गावात कुलपे मोजत असताना त्या वाक्याचा पुढचा भाग मला वाचता आला. निघताना बाबांनी नातवाला सांगितले, “साहेबांना वळणापर्यंत वाट दाखव.” मी साहेब होतो हे त्यांना ठाऊक नव्हते, अनोळखी माणसाला ते तसेच म्हणत असावेत. मला मात्र त्या शब्दाने बोचले.

दुसऱ्या दिवशी पाटोद्याहून सौताड्याकडे जाताना पाय एक भूगोल शिकवतात. पाटोदा तालुक्यातच गवखडीजवळ मांजरा नदी उगम पावते. ती पूर्वेकडे जाते, काही अंतर बीड आणि धाराशिव जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते आणि तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. याच पठाराच्या पश्चिमेस सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली कोसळते. तिचे पाणी सीना, भीमा आणि कृष्णेत जाते. म्हणजे या माळावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडूनही दोन महानद्यांच्या वाटेला लागतात. नकाशात ही पाणलोटाची रेषा दिसत नाही. सायकलीवर ती चढ संपून उतार लागतो तेथे अचूक कळते. मांजरेच्या उगमाकडील ओहोळ किती लहान आहे हे पाहिले, तेव्हा २०१६ चा उन्हाळा आठवला. याच नदीवरचे धनेगावचे धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. माथ्यावरचा एक ओढा बुजला, एक माळ उघडा पडला, तर त्याचा परिणाम किती दूर जातो! आपण पाणी गाळून वापरतो, जपून वापरतो. ते येते कोठून, हेही एकदा पाहून यावे.

सौताड्याला दरीच्या काठावर उभे राहिले की खाली झाडीत रामेश्वराचे मंदिर दिसते. पायऱ्यांनी उतरता येते. सायकली वर ठेवून आम्ही खाली गेलो. धबधबा बारीक होता, पण दरीतली झाडी अजून हिरवी होती. माळावरचे रखरखीत ऊन आणि दरीतली सावली यांत शंभर पायऱ्यांचेही अंतर वाटत नव्हते.

जेवणाखाण्याविषयी वाचकांना कुतूहल असेल म्हणून लिहितो. दशम्या, खाखरे, फुटाणे, गूळ-शेंगदाणे आणि उकळून गार केलेले पाणी एवढ्यावर आमचे उत्तम भागले. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे असल्याने दुपारी चारलाच मुक्काम गाठावा लागे. सुरुवातीला तरुण मंडळींना हे बंधन वाटले. दुसऱ्या दिवशी पुतण्याच म्हणाला, “काका, ही वेळ पाळली म्हणूनच आपण अंधारात घाटात सापडलो नाही.” वन्य प्राण्यांच्या प्रदेशात दिवस मावळण्यापूर्वी चाक थांबवणे हे त्यांच्याही हिताचे आणि आपल्याही.

जामखेडला मुक्काम करून तिसऱ्या दिवशी खर्ड्यावरून निघालो. खर्डा म्हणजे १७९५ च्या मराठे-निजाम लढाईचे रणक्षेत्र. किल्ल्याची तटबंदी अजून उभी आहे. तेथून धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात शिरलो. ज्वारी गुडघाभर, हरभरा फुलावर, गावोगावी खव्याच्या भट्ट्यांचा धूर. दुपारी कुंथलगिरीची मंदिरे टेकडीवर दिसू लागली.

कुलभूषण आणि देशभूषण या दोन राजपुत्रांची कथा आपल्या घरांत सांगितली जाते. अध्ययन संपवून नगरीत परतताना गवाक्षातील एका कन्येवर दोघांचे मन गेले. ती आपली सख्खी बहीण आहे हे कळताच पश्चात्तापाने त्यांनी दीक्षा घेतली. पुढे उपसर्ग सोसून ते येथून मोक्षास गेले. निर्वाणकांडात या क्षेत्राचा उल्लेख आहे. मी स्थानकवासी घरातला. तरी या टेकडीच्या पायऱ्या चढताना परके काहीच वाटले नाही. न कळत झालेली चूक कळल्याबरोबर मार्ग बदलणे, ही त्या कथेतील गोष्ट मला त्या दिवशी अधिक जवळची वाटली.

याच ठिकाणी १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. १४ ऑगस्टला आरंभ आणि १८ सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, समाधिमरण. त्या काळात त्यांनी मराठीतून दिलेला अंतिम उपदेश ध्वनिमुद्रित झालेला आहे. सल्लेखनेचे कारण अनेकांना ठाऊक असेल. त्यांची दृष्टी मंदावली होती. पुढची जमीन दिसत नसेल तर चालताना जीवरक्षा होणार नाही, आणि जीवरक्षा होणार नसेल तर मुनिधर्म पाळला जाणार नाही, असा त्यांचा विचार होता. चार हात पुढची वाट दिसेनाशी झाली म्हणून देहाचा त्याग! मी समाधिस्थळी बराच वेळ बसलो. आमच्यासारख्या संसारी माणसांनी त्या उंचीची भाषा बोलू नये. पण डोळ्यांच्या कक्षेपेक्षा चाकाचा वेग जास्त होऊ द्यायचा नाही, एवढा एक नियम आपण नक्कीच घेऊ शकतो. मुरमाच्या वाटेवर तसेही खाली पाहूनच चालवावे लागते. घसरण्याच्या भीतीने जे पाहतो, तेच जीवदयेने पाहायचे.

चौथ्या दिवशी मांजरा ओलांडून चौसाळ्याच्या बाजूने परतलो. पहाटे महामार्गाच्या कडेने चार साध्वीजी विहार करीत होत्या. मागेपुढे चकाकती जाकिटे घातलेले दोन तरुण. शेजारून ट्रक आणि बस सुसाट जात होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांची शुभ्र वस्त्रे फडफडत होती. महामार्गावर विहार करताना साधू-साध्वींना झालेल्या अपघातांच्या वार्ता आपण वाचतो, हळहळतो. आम्ही उतरून काही अंतर त्यांच्यासोबत चाललो. मी विचारले, “आतल्या वाटेने जाता येत नाही का?” एक साध्वीजी म्हणाल्या, “नवी टाकलेली खडी अनवाणी पायांना सोसत नाही. मुरूम चालतो. पण कोठे मुरूम आहे आणि कोठे खडी, हे आम्हाला आधी कोण सांगणार?”

हा लेख लिहिण्याचे कारण तो प्रश्न आहे. आपल्या समाजातील कितीतरी तरुणांकडे आता महागड्या सायकली आहेत. रविवारी ते पन्नास-साठ किलोमीटर सहज जातात, छायाचित्रे काढतात, परत येतात. त्यांनी चातुर्मास संपताच आपापल्या गावाभोवतालच्या आतल्या वाटा फिरून एक साधी वही करावी. कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत मुरूम, कोठून खडी, काटे कोठे जास्त, ओढ्यावर फरशी आहे की पाण्यातून जावे लागते, थांबण्याजोगी शाळा किंवा मंदिर कोठे, गोचरीला घरे कोठे मिळतील. विहाराच्या आदल्या दिवशी एकाने तो टप्पा पाहून यावे. प्रत्येक ठिकाणी अशी वाट मिळेलच असे नाही. काही ठिकाणी महामार्गाला पर्याय नसतो. जेथे आहे तेथे तरी तो माहीत असावा. मांजरसुंबा ते पाटोदा या टप्प्याची अशी वही आम्ही चौघांनी सुरू केली आहे. तिचे पहिले पान माझ्या अक्षरात आहे.

त्या पानावर, पाटोद्याच्या अलीकडच्या त्या गावापुढे मी लिहिले आहे : “मुरूम चांगला. सावली आहे. ओसरीवर बाबा भेटतात, पाणी विचारतात. घरातली माणसे उन्हाळ्यात परततील.”